आमची आत्ती १४ महिने राहतेय ते वृद्धनिवास, आणि तिथल्या मावशी

नमस्कार. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण कामातून सवड मिळत नव्हती. परवा आमच्या एका मित्रानं फोन केला, आईला कुठं ठेवावं कळत नाही, तू कसं ठरवलंस म्हणून, आणि त्याला सांगता सांगता पाऊण तास गेला, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं म्हणजे आणखी कुणाला उपयोग होईल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, इकडं चंदगडकडं सुद्धा आता घरोघरी हीच गोष्ट आहे, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला, घरात दोन म्हातारी माणसं, आणि त्यातलं एक अंथरुणाला खिळलं की काय करायचं कुणालाच सुचत नाही.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय ८१, मराठी शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, आम्हा चारही भावंडांचे पाढे तिनंच घेतलेत. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं पण हळूहळू विसरायला लागली. आमचं घर शहापुरातलं जुनं, जिना अरुंद, बाथरूम मागं परसात. मी आणि बायको दोघंही साठीला आलेलो. उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे, सात माणसं कामाला, त्यामुळं सकाळी साडेआठला घर सोडावं लागतं. आत्तीला उचलायचं म्हणजे आम्हा दोघांच्या आवाक्यातलं काम नव्हतं.

आधी आम्ही एजन्सीकडून चोवीस तासाची बाई ठेवली होती. दिवसाला ९०० रुपये आम्ही द्यायचो, पुढं एकदा त्या बाईनंच सांगितलं की तिच्या हातात ५५० पडतात. चोवीस तास म्हणजे खरंच चोवीस तास, रात्री आत्ती तीनदा उठवायची, दिवसा झोपायला मिळायचं नाही. एकदा त्या बाईच्या पोराला गावाकडं ताप आला, ती रजा मागत होती आणि एजन्सीवाला म्हणाला बदली माणूस नाही, आणि मी पण गप्प बसलो, कारण मला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. त्याची मला आजही लाज वाटते. चार महिन्यांत पाच बाया बदलल्या.

मग एका ठिकाणी ठेवलं. नाव घेत नाही. दिसायला एकदम झकास होतं, चकचकीत फरशी, पुढं बाग, हॉलमध्ये मोठा टीव्ही, आम्ही बघूनच भुललो. पण तिथं बायांना बारा बारा तासांची ड्युटी, एका बाईकडं कधी दहा तर कधी बारा म्हातारी माणसं. थर्मामीटर फुटला तर पगारातून कापायचे. एकदा आमच्या देखत एका पोरीच्या हातून आमटी सांडली तर तिला सगळ्यांच्या पुढं इतकं बोलले की आत्ती म्हणाली, अरे तिला काही म्हणू नका, माझाच हात लागला. तीन महिन्यांत चार चेहरे बदलले. आत्तीला कुणाचं नाव लक्षात राहायच्या आतच ती गेलेली असायची.

आणि मग एके दिवशी कळलं की आत्तीच्या माकडहाडाशी जखम झालीय, रुपयाच्या नाण्याएवढी. बेडसोर. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय त्यांना माहीत असेल, आधी नुसता लाल डाग येतो, बोट दाबलं तरी तो लालपणा जात नाही, तेव्हाच लक्ष दिलं, दर दोन तासांनी कूस बदलली, त्या जागेवरचा भार काढला तर तो बरा होतो, नाहीतर कातडी फाटते आणि मग महिनोन्‌महिने ड्रेसिंग. आत्तीचं ते भरायला साडेतीन महिने लागले. तो लाल डाग तिथल्या एका पोरीनं कातडी फाटायच्या तीन दिवस आधीच बघितला होता. नोकरी सोडून जायच्या दिवशी ती माझ्या बायकोला रडत म्हणाली, काकू मी बघितलं होतं पण सांगितलं असतं तर तूच कूस बदलली नाहीस म्हणून माझ्यावरच आलं असतं. तिच्यावर रागवावं असं आम्हाला वाटलंच नाही. माझ्याच शॉपमध्ये एखाद्या पोराकडून बोअर, म्हणजे भोक, मोठं पडलं आणि भीतीनं त्यानं तो जॉब, म्हणजे तो भाग, तसाच क्रेटमध्ये घातला तर तो गिऱ्हाइकाकडं जाऊन रिजेक्ट होऊन परत येतो, म्हणून मी पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो, चुकलं की तिथल्या तिथं सांगायचं, मी ओरडणार नाही. जॉब परत येतो, दुसरा करून देता येतो. इथं आत्तीच्या अंगाची गोष्ट होती.

ज्येष्ठांसाठी १४५६७ अशी सरकारी हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन म्हणतात, ती मला नंतर कळली. तेव्हा माहीत असती तर आधीच फोन केला असता.

आता जिथं आत्ती आहे ती जागा. शहरापासून गाडीनं वीसेक मिनिटं, दुमजली साधी इमारत, बाहेरून बघितलं तर एखाद्या शाळेचं हॉस्टेल वाटेल. फी तेव्हा महिन्याला २३,००० होती, दोघींची खोली, डायपर आणि औषधं वेगळी. मला तीनला बोलावलं होतं पण मी पावणेदोनलाच पोचलो, आणि बरं झालं, कारण तेव्हा ड्युटी बदलत होती. कॉरिडॉरमध्ये सकाळच्या मावशी आणि दुपारच्या मावशी एकत्र उभ्या, मध्ये सिस्टर रजिस्टर घेऊन. त्या रजिस्टरमध्ये कुणी मराठीत लिहिलेलं, कुणी कन्नडमध्ये, एकीनं इंग्लिश अक्षरात, सिस्टर ते दोन्ही भाषांत मोठ्यानं वाचत होत्या, कुणी किती खाल्लं, कुणाची शुगर किती, कुणाला संडास झाली नाही. एक मावशी म्हणाली, १०२ च्या आज्जींच्या टाचेला लाल दिसतंय, मी उशी लावलीय खाली. मी कान टवकारले, आता हिला काय ऐकावं लागतंय बघू म्हणून. सिस्टर म्हणाल्या, बरं झालं बघितलंस, चल दाखव. एवढंच. कुणाची ड्युटी होती, कुणी हयगय केली, एक शब्द नाही. मी त्याच जागी ठरवलं की आत्ती इथं येणार. खोल्या मी नंतर बघितल्या.

चालवणाऱ्या मॅडम स्वतः नर्स होत्या, तीसेक वर्षं वॉर्डात काढलेल्या. त्यांना मी विचारलं की तुमच्याकडं माणसं किती दिवस टिकतात, तर त्यांनी मलाच आत नेलं आणि म्हणाल्या तुम्हीच विचारा. स्वयंपाकघरातल्या काकू सहा वर्षं, दोन मावशी पाच वर्षं, बाकी बहुतेक दोन-तीन. गेल्या १४ महिन्यांत आत्तीच्या मजल्यावरच्या फक्त दोघी बदलल्या, एक बाळंतपणाला गेली आणि एक लग्न होऊन गोव्याला.

ड्युटीच्या वेळा कशा ठरवल्यात हे मला फार आवडलं. सकाळी ७ ते २, दुपारी २ ते रात्री ८, आणि रात्री ८ ते सकाळी ७. कागदावर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या चांगल्या दिसतात, पण मग एका पाळीच्या बाया रात्री अकराला सुटणार, आणि अकराला जांबोटीकडं किंवा शिनोळीकडं कुठली बस मिळणार. म्हणून शेवटच्या बसचं बघून ८ ठेवलंय, आणि पावसाळ्यात बस चुकली तर त्यांची ओमनी सोडून येते. रात्रपाळी लांब आहे, पण सलग चार रात्री झाल्या की दोन दिवस सुट्टी, आणि मध्यरात्री आळीपाळीनं दीड-दोन तास पडायला मिळतं, त्यासाठी वेगळी खोली आणि कॉट आहे. लपून झोपायची पाळी येत नाही त्यामुळं जी जागी असते ती खरोखर जागी असते. मी दोनदा रात्री उशिरा न सांगता गेलोय, दोन्ही वेळा दार लगेच उघडलं.

बसचं आणखी एक सांगतो, हे आपल्या सीमाभागातल्याच माणसाला कळेल. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, पण त्याला कर्नाटकातला पत्ता लागतो. इथं निम्म्या मावशी बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या, त्यांना तिकीट नाही. चार जणी चंदगडकडच्या, त्यांचं आधार महाराष्ट्राचं, तिकडं एसटीत अर्धं तिकीट आहे पण आपली कर्नाटकची बस पकडली की पूर्ण पैसे. एकाच बसमध्ये शेजारी शेजारी बसून एकीला शून्य आणि एकीला पूर्ण. मॅडमनी त्या चौघींचं बसभाडं संस्थेतून द्यायला सुरुवात केली, कुणी मागितलं नव्हतं. शिनोळीकडची एक अक्का आत्तीला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. म्हणाली, पैसे किती ते सोडा वो बाई, पण त्यांच्या ध्यानात आलं की.

जेवण. रात्रीच्या मावशींना गरम जेवण, तेच जे आज्जी-आजोबांना, आणि टेबलावर बसून. एकीला जेवायला सोडलं की दुसरी तिची माणसं बघते, ते तक्त्यावर लिहिलेलं असतं. आधीच्या ठिकाणी मी एका बाईला जिन्याखाली उभ्यानं डबा खाताना बघितलं होतं.

आता उचलण्याचं काम. आत्तीचं वजन ६८ किलो. तिला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं म्हणजे एकट्या बाईची कंबर जाणार हे नक्की, या धंद्यातल्या बायांची पहिली तक्रार कंबरेचीच असते. इथं नियमच आहे की अशा माणसाला दोघींशिवाय हलवायचं नाही. आधी आत्तीच्या कंबरेला एक रुंद पट्टा बांधतात, दोन्ही बाजूला धरायला कड्या असलेला, मग चांगल्या बाजूला म्हणजे उजवीकडं खुर्ची लावतात, चाकं लॉक करतात, एक मावशी पुढं गुडघे वाकवून, एक मागं, आणि म्हणतात, बाई आता एक, दोन, तीन म्हणा. आत्ती स्वतः मोजते. शिक्षिकाच ती, तिला मोजायला सांगितलं की ती खूश, आणि तीनवर स्वतःहून उजवा पाय रोवते. गादीवर वर सरकवायला गुळगुळीत कापडाची शीट आहे, ओढाताण होत नाही, आत्तीची कातडी पण वाचते आणि त्यांची पाठ पण. नवीन बाई आली की पंधरा दिवस तिला एकटीला कुणाजवळ सोडत नाहीत, जुन्या मावशीबरोबर फिरते. हिपॅटायटिस बी ची तीन इंजेक्शनं, पहिलं, महिन्यानं दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं, संस्थेच्या खर्चानं. ग्लोव्हजचा डबा कपाटात कुलूपबंद नसतो, प्रत्येक खोलीबाहेर टांगलेला आहे. आधीच्या ठिकाणी ग्लोव्हज मोजून द्यायचे.

दर सोमवारी दुपारी अर्धा तास सगळ्यांची बैठक असते, त्यात झाडू मारणाऱ्या मामांपासून सगळे. तिथं एका मावशीनं सांगितलं की आमच्या आत्तीचं टेबल डाव्या बाजूला आहे, तिचा डावा हात चालत नाही, म्हणून ती पाणी मागत नाही, तहानलेली राहते, आणि म्हणूनच बहुतेक तिला लघवीचा त्रास होतोय. दोन महिने आम्ही रोज जात होतो, डॉक्टर बघून गेलेले, माझ्यासारखा मशीन लेआउट करणारा माणूस, आणि कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पलंग फिरवला, टेबल उजवीकडं, खिडकी समोर आली. मॅडमनी फोन करून सांगताना पहिल्यांदा त्या मावशीचं नाव घेतलं, ही तिची कल्पना, तुम्ही आलात की तिला सांगा. मी मुद्दाम गणपत गल्लीतून कुंदा घेऊन गेलो, तिनं तो सगळ्यांना वाटला.

आता जरा अवघड गोष्ट. आत्तीला संध्याकाळ झाली की काहीतरी होतं, विसरण्याचा आजार असलेल्या बऱ्याच जणांना दिवस मावळताना असं होतं म्हणतात, शाळा सुटली, मला घरी सोडा, मुलं थांबलीत, असं सुरू होतं. एका संध्याकाळी मी तिथंच होतो, मावशी चहा पाजत होती आणि आत्तीनं खाडकन तिच्या तोंडात मारली. कप खाली. माझे हातपाय गळाले. आयुष्यात ज्या बाईनं वर्गात कधी पट्टी उचलली नाही ती अशी. मावशीच्या डोळ्यात पाणी आलं. दुसरी मावशी लगेच आली, आत्तीला म्हणाली, बाई, हजेरी घ्यायची राहिलीय, आणि जुनी वही तिच्या हातात दिली. सिस्टर त्या मार खाल्लेल्या मावशीला घेऊन खाली गेल्या, बसवलं, चहा दिला, गालाला बर्फ लावला, अर्धा तास तिला वर पाठवलंच नाही. वहीत नोंद केली, किती वाजता, आधी काय झालं होतं, मारलं कुणी, लागलं कुठं. मग मॅडम माझ्याशी बोलल्या. मला वाटलं मला समजावतील की तुमच्या आत्तीला त्रास झाला, माफ करा. तसं काही नाही. म्हणाल्या, यात तुमच्या आत्तीची चूक नाही, आजार आहे, पण लागलं ते माझ्या माणसाला लागलंय, तेव्हा तुम्ही जाऊन तिला एक शब्द बोललात तर बरं होईल. मी गेलो. हात जोडले. ती म्हणाली, असू दे दादा, बाई मला रोज ऊटा आय्ता विचारतात की.

ते ऊटा आय्ता हिनंच आत्तीला शिकवलंय. ही मावशी बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी, मराठी कळतं पण अडखळत बोलते. ती रोज येताना ऊटा आय्ता अज्जी विचारायची, म्हणजे जेवण झालं का, आत्ती आता तिला आल्या आल्या तेच विचारते, आणि तिचं झालं नसेल तर आधी जेवून ये म्हणून दटावते. इतक्या वर्षांत आत्तीनं कन्नडचा एक शब्द उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

त्या प्रसंगानंतर संध्याकाळी पाच ते सात आत्तीजवळ कुणी जायचं, चहा किती आधी द्यायचा, दिवे लवकर लावायचे, हे सगळं बदललं. आजोबा लोकांच्या मजल्यावर कुणी मावशीशी वाह्यात वागलं, हात लावला, तर तिथंही तसंच, नोंद होते, नातेवाइकांना बोलावून स्पष्ट सांगतात आणि तिथं ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, ड्युटी लावतात, बाईलाच सहन कर म्हणून सांगत नाहीत. तक्रारीसाठी जी समिती असावी लागते तिची माहिती, फोन नंबरासकट, स्टाफच्या खोलीत कन्नड आणि मराठीत लावलीय. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की कायद्यानं ती समिती लागतेच, पण किती ठिकाणी भिंतीवर दिसते?

सोन्याची गोष्ट पण सांगायला हवी, कारण त्यात चूक आमची होती. सोनं ठेवू नका असं त्यांनी पहिल्या दिवशी लिहून घेतलं होतं, तरी आत्ती हट्ट करते म्हणून बायकोनं तिच्या बोटात अंगठी राहू दिली. दिवाळीच्या आधी अंगठी दिसेना. बायकोच्या तोंडून पटकन निघून गेलं, कोण होतं ड्युटीवर? तिथं दोन मावशी उभ्या होत्या, त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, आधी खोली शोधू, तुम्ही पण माझ्याबरोबर शोधा, माझ्या कुणाची पिशवी मी उघडायला लावणार नाही. वीस मिनिटांनी अंगठी सापडली, उशीच्या अभ्र्यात, रुमालाच्या गाठीत बांधलेली. आत्तीनंच चोरांपासून लपवून ठेवलेली. बायकोनं दोघींची माफी मागितली, तिथंच, सगळ्यांच्या पुढं. अंगठी आता घरी आहे.

रजांचं कसं जमवतात हा मला सुरुवातीपासून प्रश्न होता, कारण मी स्वतः त्यात दरवर्षी मार खातो. आपल्याकडं जूनच्या शेवटी-जुलैत रोप लावण, नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची सुगी, वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक रात्रभर, गणपती, आणि मध्येच कुणाच्या गावची महालक्ष्मीची यात्रा निघते, ती काही वर्षांनी एकदा येणार, तेव्हा नाही म्हणताच येत नाही. इथं भिंतीवर वर्षाचा तक्ता आहे. सुगीला कुणाची शेती किती आणि माणसं किती हे बघून आळीपाळीनं चार-चार दिवस, यात्रेला त्या गावच्या सगळ्यांना, आणि त्या बदल्यात त्यांनी शिवजयंतीची रात्र करायची. ख्रिश्चन मावशी गणपतीत जास्त ड्युटी घेतात, नाताळात त्यांना सुट्टी, रमजान ईदला तसंच. आपसात ठरवतात, मॅडम फक्त सही करतात. यंदा मी हाच तक्ता माझ्या शॉपमध्ये लावलाय.

पगार किती ते मी विचारलं नाही, पण ७ तारखेच्या आत होतो असं दोघीतिघींनी सांगितलं. ईएसआय आणि पीएफ दोन्ही आहे. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला लागतो, कामगाराकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, म्हणजे पगार १६,००० धरला तर मावशीचे १२० कापतात आणि मालक ५२० घालतो, आणि त्यावर तिच्या नवऱ्या-पोरांचंही औषधपाणी होतं. एका मावशीच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन यावरच झालं. ज्यांनी कधी सावकाराकडून दवाखान्यासाठी पैसे काढलेत त्यांना याची किंमत कळेल.

गेल्या एप्रिलमध्ये फी २३ ची २५ हजार केली. चिठ्ठी आली, त्यात सरळ लिहिलेलं की वाढीतला बहुतेक भाग पगाराला आणि रात्रीच्या एका जास्तीच्या माणसाला जाणार आहे. दोन हजार मला जड आहेत, खोटं कशाला बोलू, पण ते माणूस मे महिन्यात खरंच आलं.

तक्रारी आहेत. मावशींची कपडे बदलायची खोली फार लहान आहे, अर्धी तर डायपरच्या खोक्यांनी भरलेली, एका वेळी दोघीच मावतात, हे मी मॅडमना दोनदा बोललो, बांधकाम करायचंय म्हणतात पण वर्ष झालं. रात्री सिस्टर दोन्ही मजल्यांना मिळून एकच असते, मावशी पुरेशा असल्या तरी मला दोन सिस्टर हव्या वाटतात. फिजिओथेरपी आठवड्यातून तीनच दिवस. दुपारी एक ते दोन फोन कुणी उचलत नाही. पावसाळ्यात शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता चिखलाचा, मोटारसायकल घसरते, लाईट जाते, इन्व्हर्टर आहे पण लिफ्टला नाही. आमटीत तिखट जास्त असतं, आत्तीसाठी वेगळं काढायला सांगावं लागतं, काढतात. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या खोलीचा कापला.

आत्तीच्या शेजारच्या पलंगावर एक आज्जी होत्या, मागच्या फेब्रुवारीत पहाटे गेल्या. दोन वर्षं त्यांना भरवणं, अंघोळ, वेणी, सगळं शिनोळीकडची ती अक्का करायची. त्या दिवशी तिची सुट्टी होती, मॅडमनी तिला घरी फोन केला, कामावर ये म्हणून नव्हे, शेवटचं बघायला ये म्हणून, गाडी पाठवली. आज्जींना मागच्या दारानं नेलं नाही, पुढच्या दारानं, सगळा स्टाफ दोन्ही बाजूंना उभा, स्वयंपाकघरातल्या काकू सुद्धा हात पुसत बाहेर आलेल्या. अक्कानं त्यांची शेवटची वेणी घातली. सदाशिवनगरच्या स्मशानापर्यंत तिला आणि आणखी एकीला नेलं. मग तिला दोन दिवस भरपगारी घरी राहायला सांगितलं, आणि त्या पलंगावर आठवडाभर कुणाला आणलं नाही. त्या आठवड्याचे पैसे बुडाले असणार, मागं वेटिंग होतं. सोमवारच्या बैठकीत म्हणे सगळ्यांनी आज्जींच्या आठवणी सांगितल्या, कुणी रडलं, कुणी हसलं. आत्तीला त्यांनी लपवलं नाही, तिला सांगितलं, ती अजून कधीकधी विचारते, तेव्हा परत सांगतात, न कंटाळता.

कुणाला बघायला जायचं असेल तर मला मेसेज करा, मी पत्ता देतो. सकाळी दहाला ऑफिसात जाऊन ब्रोशर घेऊन येऊ नका, पावणेदोनला जा, हँडओव्हर चालू असतं, कॉरिडॉरच्या टोकाला बाक आहे तिथं बसा, कुणी हरकत घेत नाही. दुसरीकडं कुठं बघत असाल तर तिथंही ड्युटी बदलायच्या वेळेलाच जा, आणि बाया जेवतात कुठं ते बघायला मागा. आमची आत्ती खिडकीसमोर असते, पांढरे केस, मांडीवर हजेरीची वही. तिला नमस्कार करा, ती तुम्हाला कुठल्या शाळेचे विचारेल, काहीही सांगा, पण मग जेवण झालं का विचारेल तेव्हा खरं सांगा, नाहीतर ती मावशींना हाक मारून तुमच्यासाठी ताट लावायला लावते.